संगणकाचा पोशिंदा

संगणकाच्या अंतरंगाविषयी लेखणी उचलण्याचा अधिकार आम्हांला नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात व्याकरण आणि इतिहास शिकवावा, एवढाच आमचा व्यवसाय. ओहमचा नियम आम्ही शालान्त परीक्षेपुरता पाठ केला आणि परीक्षा संपताच विसरलो. तथापि गतवर्षी ह्याच वार्षिकांकाच्या बाबतीत आमच्या हातून जे घडले, त्यामुळे तो नियम आम्हांला पुन्हा शिकावा लागला. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी दहावीच्या निकालानंतर 'संगणक जुळवू या' अशी चर्चा सुरू होईल. त्या चर्चेत जी वस्तू सर्वांत शेवटी आठवते, तिच्याविषयी चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी एक संगणक जुळवून घेतला. सुटे भाग निवडून जुळविलेला संगणक तयार संगणकापेक्षा बहुधा स्वस्त पडतो आणि पुढे एखादाच भाग बदलता येतो, म्हणून आपल्या इंदुरात पुष्कळ लोक हाच मार्ग पत्करतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क ह्यांची निवड आम्ही चार जाणत्यांना विचारून केली. पैसे संपत आले आणि एक वस्तू उरली. दुकानदार म्हणाला, "माट्साब, वो तो कॅबिनेट के साथ ही आ जाता है, अलग से क्या लेना!" ही वस्तू म्हणजे बाजारात जिला एसएमपीएस म्हणतात ती पेटी. भिंतीतील वीज घेऊन संगणकाच्या प्रत्येक भागाला त्याच्या पचनी पडेल अशा रूपात वाढून देणे, हे तिचे काम. कॅबिनेटबरोबर आलेल्या पेटीवर ठळक अक्षरांत '४५० वॅट' असे छापलेले होते. आम्ही निर्धास्त झालो.

सुमारे चौदा महिने सर्व सुरळीत चालले. त्या संगणकावर आम्ही वार्षिकांकासाठी आलेले मुलांचे लेख टंकलिखित करून ठेविले होते, एकूण एकेचाळीस. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी दिवे दोनदा मिणमिणले, पेटीतून 'फट्' असा आवाज आला आणि खोलीत जळकट वास पसरला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी निदान सांगितले : पेटी गेली, आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही बरोबर घेऊन गेली. डिस्कवरील मजकूर निघणे नाही.

दुसरीकडे प्रत ठेविली नव्हती, हा दोष सर्वस्वी आमचा. बहुतेक लेखांच्या मूळ वह्या मुलांकडे होत्या. त्या पुन्हा मागवून आम्ही रात्री जागून काढल्या. एक वही मात्र मिळाली नाही. नववीतील एका मुलाने आपल्या आजोबांच्या तोंडून कापडगिरणीतील आठवणी ऐकून लिहून आणल्या होत्या : पहाटेचा भोंगा, साच्यांचा आवाज, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी गिरणीत चालणारी कामगारांची धांदल. आजोबा दिवाळीत निवर्तले होते, आणि वही सहामाहीनंतर रद्दीत गेली होती. मुलाने स्मरणाने पुन्हा लिहून दिले. लेख निम्माच झाला. तो तसाच छापला. त्याच्या आईने आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही, हेच अधिक लागले.

त्यानंतर आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांचा पिच्छा पुरविला, पुस्तके चाळली आणि त्या मेलेल्या पेटीचे लेबल प्रथमच सावकाश वाचले. जे समजले ते सांगतो.

आपल्या घरच्या भिंतीत येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला पन्नास आवर्तने करीत दिशा पालटीत राहते. संगणकाला अशी उलटसुलट वीज चालत नाही. त्याला एकाच दिशेने वाहणारी, तीही १२, ५ आणि ३.३ अशा अल्प व्होल्टची वीज हवी असते. प्रोसेसरला तर अवघी एका व्होल्टच्या आसपास, आणि ती मदरबोर्ड १२ व्होल्टमधून पुन्हा उतरवून घेतो. आपल्या शहराला १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. ते जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, डोंगर चढवून, प्रचंड दाबाने आणावे लागते. त्या मुख्य नळाला कोणी स्वयंपाकघरातील तोटी जोडील काय? मध्ये टाक्या लागतात, झडपा लागतात, दाब उतरवावा लागतो. एसएमपीएस ही विजेच्या बाबतीत तीच व्यवस्था होय.

तिची रीत मोठी चतुर आहे. ती प्रथम भिंतीतील वीज एकदिश करते. तेव्हा तिचा दाब ३२५ व्होल्टच्या घरात जातो, कारण २३० हा आकडा सरासरीच्या एका प्रकाराने काढलेला असून लाटेचे शिखर त्याहून उंच असते. मग ह्या विजेचे ती सेकंदाला हजारो, कधी लाखभर वेळा चालू-बंद करून तुकडे पाडते. इतका खटाटोप कशासाठी? आवर्तने जितकी अधिक, तितका रोहित्र लहान चालतो. पन्नास आवर्तनांवर एवढी शक्ती पेलणारा लोखंडी रोहित्र एका हाताने सहज उचलवणार नाही. तुकडे पाडलेल्या विजेला आगपेटीहून थोडा मोठा पुरतो. रोहित्रातून उतरलेली वीज पुन्हा एकदिश करून, गाळून, तारांतून पुढे जाते. शेवटी एक पहारेकरी मंडल बाहेर पडणारा दाब सतत मोजते आणि तो वाढला की तुकडे आखूड, घटला की लांब करण्याची आज्ञा मागे पाठविते.

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये जी एटीएक्स नावाची प्रमाणपद्धती प्रसिद्ध केली, तिच्यानुसार १२ व्होल्टच्या तारेवरील दाब पाच टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये, म्हणजे ११.४ च्या खाली नाही आणि १२.६ च्या वर नाही. आमच्या पेटीतील पहारेकरी बहुधा कोसळला, दाब मोकाट वाढला, आणि वाढलेला दाब पाहून सर्वच बंद करणारा दुसरा पहारेकरी तिच्यात बसविलेलाच नव्हता. चांगल्या पेटीत असे रक्षक अनेक असतात : दाब वाढल्यास, प्रवाह अतोनात झाल्यास, दोन तारा एकमेकींना चिकटल्यास, आतील उष्णता वाढल्यास. ते बसविण्यास खर्च येतो आणि पेटी बाहेरून मात्र तशीच दिसते. स्वस्ताईचे मूळ इथे आहे.

जाता जाता सांगतो : विजेचा प्रवाह रेसभरही ढळू न देण्याची विद्या आपल्याच शहराच्या वेशीपाशी सुखनिवासच्या बाजूला नांदते आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' नामक यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यातून तेथे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत राहतात. त्यांना वाटेवर ठेवणाऱ्या चुंबकांचा प्रवाह जरासा हलला तरी सारा खेळ विसकटेल. पाच टक्क्यांची सवलत तेथे कोणी मागणार नाही.

आता लेबलाकडे वळू. आम्ही मूळचे कोंकणी. आमच्याकडे मासळी घेताना कोळिणीच्या शब्दावर कोणी जात नाही; कल्ले उघडून आतला रंग पाहिल्यावाचून पाटीतला मासा पिशवीत येत नाही. पेटी घेताना मात्र आम्ही तिच्या कपाळावरचा आकडा तेवढा पाहिला. कल्ला म्हणजे लेबलावरील लहान अक्षरांचा तक्ता. त्यात प्रत्येक दाबापुढे किती ॲम्पिअर मिळतील, हे लिहिलेले असते. व्होल्टला ॲम्पिअरने गुणले की वॅट मिळतात. आमच्या '४५० वॅट'च्या पेटीवर १२ व्होल्टपुढे लिहिले होते १४ ॲम्पिअर. बारा गुणिले चौदा किती? एकशे अडुसष्ट! उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या नावावर मांडून बेरीज फुगविलेली होती.

ह्या फुगवटीलाही इतिहास आहे. पूर्वीच्या संगणकांचे प्रोसेसर ५ व्होल्टच्या तारेवर बरेच विसंबून असत, म्हणून त्या काळच्या पेट्यांत ती तार बळकट करीत. इ. स. २००० च्या सुमारास प्रोसेसरांची भूक वाढली आणि त्यांना १२ व्होल्टची स्वतंत्र जोडणी देण्याची पद्धत रूढ झाली. आज संगणकातील जवळजवळ सगळे जड काम १२ व्होल्टच करतो. तरी जुन्या आराखड्याच्या पेट्या नव्या लेबलांनिशी विकल्या जातात. प्रामाणिक ४५० वॅटच्या पेटीवर १२ व्होल्टपुढे ३५-३६ ॲम्पिअर लिहिलेले आढळतील. त्यांचा गुणाकार ४२० ते ४३२ येतो. लेबल वाचता येणाऱ्या सातवीतल्या मुलालाही हा हिशेब तोंडी करता येईल. ज्या पेटीवर हा तक्ताच नाही, ती हातातही घेऊ नये. पेटी हातात तोलून पाहावी असेही काही जण सांगतात. आतील तांबे आणि उष्णता शोषणारे पत्रे कमी केले की ती पोकळ, हलकी लागते. ही कसोटी कच्ची आहे, पण अगदीच निरुपयोगी नाही.

मग घेणाऱ्याला किती वॅट हवेत? येथे उलट बाजूची चूकही होते. काही पालक भीतीपोटी साडेसातशे वॅटची पेटी आणतात आणि मुलाचा संगणक त्यातले दीडशेही मागत नाही. पेटीवरचा आकडा ही क्षमता असते. जेवढी मागणी तेवढीच वीज खर्च होते. हिशेब असा करावा. उदाहरणार्थ, इंटेलचा आय-५ १२४०० हा प्रोसेसर घ्या. त्यावर ६५ वॅट असे लिहिलेले असते, परंतु भर कामात तो ११७ पर्यंत जाऊ शकतो, हेही कंपनीच सांगते. सबब लहान आकडा न धरता मोठा धरावा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून आणखी पन्नास धरा. झाले एकशे सत्तरच्या आत-बाहेर. लेखन, अभ्यास, चित्रे, गाणी ह्यांसाठी एवढाच संगणक पुरतो आणि त्याला प्रामाणिक ४०० ते ४५० वॅटची पेटी मुबलक होते.

खेळांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घातले की चित्र पालटते. मदरबोर्डावरील खाच कार्डाला ७५ वॅटच देऊ शकते. त्याहून अधिक लागल्यास कार्डाला पेटीतून थेट तार जोडावी लागते. सहा टाचण्यांची तार आणखी ७५ देते, आठ टाचण्यांची १५०. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटे १७० वॅट खाते. म्हणजे वरील संगणक एकदम ३४० वर गेला, आणि कार्डाचे निर्माते त्याच्यासाठी ५५० वॅटची पेटी सांगतात. ही शिफारस अतिशयोक्त नाही. अशी कार्डे क्षणार्धात सरासरीहून बऱ्याच वर उसळी मारतात. त्या उसळीला पेटी दचकली की खेळाच्या ऐन रंगात संगणक बंद होतो आणि दोष बिचाऱ्या विंडोजला मिळतो.

पेटीवर ब्राँझ, गोल्ड अशी पदके रंगविलेली दिसतात. ती कार्यक्षमतेची आहेत. '८० प्लस' ह्या २००४ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून ती मिळतात. ११५ व्होल्टवरील कसोटीत अर्ध्या भाराला ब्राँझची पेटी ८५ टक्के वीज पुढे पोचविते, गोल्डची ९०. उरलेली उष्णता होऊन जाते. समजा, संगणक १०० वॅट मागतो. ८५ टक्क्यांची पेटी भिंतीतून ११८ वॅट घेईल. ७० टक्क्यांची हलकी पेटी १४३. रोज पाच तास, वर्षात तीनशे दिवस. फरक सुमारे ३८ युनिटांचा. ह्यात कोणी श्रीमंत होणार नाही, परंतु ते पंचवीस वॅट पेटीच्याच पोटात जळत राहतात, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

महत्त्वाची अशासाठी की आपला उन्हाळा! मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर जातो. पेटीतील सर्वांत नाजूक अवयव म्हणजे वीज साठविणारे नळकांड्यांसारखे कपॅसिटर. त्यांच्यातील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. स्थूल नियम असा की दर दहा अंशांनी उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य निम्मे होते. काहींवर ८५ अंश असे छापलेले असते, काहींवर १०५. एकाच तासांच्या हमीचे दोन घेतले, तर वीस अंशांच्या ह्या फरकाने दुसऱ्याचे आयुष्य चौपट होते. चांगले निर्माते '१०५ अंशांचे कपॅसिटर' हे जाहिरातीत मुद्दाम का छापतात, हे आम्हांला तेव्हा उमगले. आमची पेटी संक्रांतीच्या थंडीत गेली खरी, पण तिला मरण लागले होते ते आदल्या उन्हाळ्यात. त्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, आणि पेटीच्या पंख्यावर धुळीची जाजमे बसली होती.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. जुन्या वाड्यांत किंवा भाड्याच्या खोल्यांत संगणकाच्या लोखंडी अंगाला हात लावताच झिणझिण्या आल्याचे तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभविले असेल. 'संगणकात करंट उतरला' असे म्हणून घरचे लोक पायाखाली लाकडी पाट ठेवतात! खरे कारण निराळे आहे. विजेतील खरखर बाहेर काढण्यासाठी पेटीत दोन लहान कपॅसिटर पेटीच्या अंगाला, म्हणजे पर्यायाने जमिनीला, जोडलेले असतात. भिंतीतील तिसरी, जाड टाचणीची अर्थिंगची तार शाबूत असेल तर ही खरखर निमूट जमिनीत जाते. ती तार नसेल तर संगणकाचे सबंध अंग निम्म्या दाबावर, सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्याने झिणझिण्यांवर भागते. परंतु त्याच घरात उद्या पेटीतील एखादी तार सुटून अंगाला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट अंगावर येतील. आणि फरशी पुसताना ओल्या पायांनी टेबलाशी येणारे धाकटे भावंड लाकडी पाटावर उभे राहून येत नाही. म्हणून कितीही उत्तम पेटी आणा, आधी जाणत्या वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्या. तिसरी टाचणी कापून दोन भोकांच्या सॉकेटात खुपसण्याची युक्ती तर कदापि करू नका.

पेटी उघडून पाहण्याचा मोहही आवरावा. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरात तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ दबा धरून बसलेले असतात. काही जुन्या पेट्यांच्या पाठीवर ११५ आणि २३० असे लिहिलेली तांबडी कळ असते. ती गंमत म्हणून ११५ कडे सरकविलीत तर पुढचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जाईल. तसेच, ज्या पेट्यांच्या तारा सुट्या निघतात, त्यांच्या तारा एकीच्या दुसरीला लावू नयेत. टोके सारखी बसतात, पण पेटीकडील जोडणीला सर्वमान्य प्रमाण नाही. १२ व्होल्टच्या जागी भलतेच काही येऊन डिस्क जळाल्याची उदाहरणे आहेत.

यूपीएसविषयी थोडक्यात. त्यावर ६०० व्हीए लिहिलेले असले तरी त्यातून बहुधा ३६० वॅटच मिळतात. खोक्यावर वॅटचा आकडा शोधावा. वीज गेल्यावर यूपीएसने भार उचलण्यापूर्वी काही सहस्रांश सेकंद जातात. तेवढा वेळ पेटीने आपल्या साठ्यावर तग धरावयाचा असतो. प्रमाणपद्धतीत ही मुदत सोळा सहस्रांश सेकंदांच्या आसपास आहे, म्हणजे विजेच्या एका आवर्तनाहूनही कमी. हलक्या पेटीत साठाच तोकडा, म्हणून यूपीएस असूनही संगणक पुन्हा सुरू होतो आणि तक्रार यूपीएसची केली जाते.

नवी पेटी घेण्यासाठी आम्ही एका रविवारी आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. ह्या वेळी कागदावर बेरीज करून नेली होती : १७० वॅट, कार्ड नाही, १२ व्होल्टवर निदान ३० ॲम्पिअर, ब्राँझ, पाच वर्षांची हमी. बरोबर तो नववीतला, आता दहावीत गेलेला मुलगाही होता. विक्रेत्याने काचेवर तीन खोकी मांडली. मुलाने एकेक उलटून लहान अक्षरांचा तक्ता वाचला, बोटांवर गुणाकार केला आणि दोन खोकी परत सरकविली. तिसऱ्याचे पैसे चुकते करून आम्ही पावतीची एक प्रत कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटविली आहे. ह्या वार्षिकांकाचे सर्व लेख त्याच संगणकावर टंकलिखित झाले. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो मुलगा त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन जातो.